दिवाळीच्या सुट्टीआधी कोयंडे बघा, कॅमेरे नंतर

मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय : दिवाळीत बंद राहणाऱ्या सदनिकांची सुरक्षा

महोदय,

येत्या मीटिंगपुढे आणखी चार कॅमेऱ्यांचं कोटेशन आहे. त्याला विरोध नाही, पण खर्चाचा क्रम बदलावा ही विनंती. घरफोडीच्या बातमीत एक ओळ ठरलेली असते : ‘कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला’. कुलूप शाबूतच राहतं. कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर असतो. कटावणी घातली की स्क्रूंसकट हातात येतो. कॅमेरा हे फक्त टिपतो.

एकच सुतार बोलावून सगळ्या विंगचं काम करून घेता येईल. कोयंड्याला स्क्रूऐवजी दाराच्या आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट, आतून वॉशर आणि नट. कडी लागली की बोल्टची डोकी तिच्याखाली झाकली गेली पाहिजेत, नाहीतर तीच पहिली छाटली जातील. कुलपाची दांडी आखूड हवी, म्हणजे कटर शिरायला जागा उरत नाही. लॅचची जीभ ज्या पट्टीत जाते, तिला ३ इंची स्क्रू मारावेत, चौकटीतून थेट भिंतीत. आणि नाइट लॅच नुसतं ओढून घेतलं तर ते लागलं असं समजू नये : जीभ स्प्रिंगवर असते, प्लॅस्टिकच्या पट्टीनेही मागे सरकते. किल्ली पूर्ण फिरवलीच पाहिजे.

सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, त्यामुळे बिजागऱ्याही बाहेर. पिन ठोकून काढली की कुलूप कितीही भारी असो, दार दुसऱ्या बाजूने उघडतं. पिनांना वेल्डिंगचे टाके मारून घ्यावेत.

शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग बंद घर फोडायचं, ही चोरांची जुनी पद्धत. ज्यांची दारं लॅचवर चालतात त्यांनी बाहेरची कडी काढूनच टाकावी.

आता वॉचमनच्या टेबलावरचं ‘बंद फ्लॅट’ रजिस्टर. कुरिअरवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत कोणीही ते वाचू शकतो. चोराला याहून सोयीचा नकाशा कुठे मिळणार? ही यादी सेक्रेटरींकडे राहावी. वॉचमनला मजले सांगावेत आणि रात्री २ ते ४ दरम्यान दोन फेऱ्या, वेळ मात्र रोज वेगळी. गच्चीच्या दाराला कुलूप नको, आग लागली तर अडचण होईल. जिन्याच्या बाजूने भक्कम कडी पुरे.

सभासदांसाठी नोटीस लावायची तर एवढंच : पेपर आणि दूध बंद करा, दाराशी पडलेली पत्रकं शेजाऱ्यांना उचलायला सांगा. मेन स्विच पाडू नका. बेल मुकी झाली की घर रिकामं असल्याचं कळतं. एक दिवा टायमरवर ठेवा. कपाटाची किल्ली कपाटावर ठेवू नका (चोर आधी तिथेच हात घालतो). दागिने बँकेच्या लॉकरमध्ये.

कॅमेऱ्यांबद्दल इतकंच की आहेत त्यांची काच पुसून घ्यावी, कोळ्याची जाळी रात्री इन्फ्रारेड प्रकाशात चमकते आणि चित्र पांढरं पडतं. डीव्हीआरवरची (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) तारीख-वेळ तपासावी. तो गेटवरच्या केबिनमध्ये उघडा आहे. चोर जाताना तोच उचलून नेतात. ऑफिसात कुलुपाआड हलवून यूपीएसवर घ्यावा.

सुतार आणि वेल्डरचं काम वसुबारसेच्या आत उरकावं. कोटेशन मागवायला मी मदत करीन.

आपला,
एक सभासद, बी विंग