अर्थमंत्री महोदया, कर्जाचा कागद सहीच्या आधी हवा

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,
सविनय नमस्कार.

१५ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ (घर, गाडी अशा वैयक्तिक गरजेच्या) मुदत कर्जासाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचे विवरणपत्र, द्यायचे. व्याज आणि सगळे शुल्क धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांनी पडते तो आकडा, म्हणजे एपीआर, त्यात छापायचा. ते ग्राहकाला कळणाऱ्या भाषेत लिहायचे, समजावून सांगायचे. आणि त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम ठेवायच्या, म्हणजे माणसाला घरी जाऊन विचार करता येईल. इतका चांगला नियम वाचून आम्हाला खरोखर हायसे वाटले होते.

गेल्या आठवड्यात गाडीच्या कर्जाच्या सगळ्या सह्या उरकल्यावर हे विवरणपत्र मोबाइलवर आले. इंग्रजीत. पाठोपाठ ओटीपी आला आणि ‘तेवढा सांगा, फाइल पुढे जाईल’ असे समोरून सांगण्यात आले. ते तीन दिवस कुठे गेले, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे.

शोरूमच्या टेबलावर दराची घासाघीस कशी चालते ते मंत्रालयाने एकदा समोर बसून पाहावे. पहिला प्रश्न येतो, ‘महिन्याला किती जमेल?’ हा प्रश्नच घातक आहे. हप्ता सांगितला की दर, मुदत, शुल्क आणि गाडीची किंमत या चारही गोष्टी समोरच्याच्या हातात जातात. मग सात टक्के व्याज सांगतात. हा ‘फ्लॅट’ दर असतो, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज. ८ लाख रुपये, ५ वर्षे, ७ टक्के फ्लॅट: व्याज २ लाख ८० हजार, हप्ता बरोबर १८,००० रुपये. घटत्या शिल्लक रकमेवर मोजला तर हाच दर साडेबारा टक्के होतो. शेजारच्या बँकेत ९ टक्के घटता दर ऐकून माणूस ‘सात स्वस्त’ म्हणून परत येतो. त्या नऊ टक्क्यांचा हप्ता १६,६०७ रुपये असतो. पाच वर्षांत सुमारे ८३,६०० रुपये केवळ एका न उच्चारलेल्या शब्दापायी जातात. एपीआरचा कागद आधी हातात असेल, तर ही फसगत दोन मिनिटांत उघडी पडते. म्हणूनच तो आधी मिळत नाही.

नऊ टक्के खरे असले तरी ते नऊ राहत नाहीत. प्रक्रिया शुल्क एक टक्का, म्हणजे ८ हजार. वर ‘कर्जसुरक्षा’ विमा १२ हजार, तोही कर्जातूनच वळता. हातात ७ लाख ८० हजार आले आणि हप्ता मात्र ८ लाखांचा, म्हणजे दर दहा टक्क्यांच्या पुढे गेला. रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो की कर्जदात्याने दुसऱ्याच्या वतीने वसूल केलेला विम्यासारखा खर्चही एपीआरमध्ये धरायचा, आणि विवरणपत्रात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे कधीही लावायचे नाही. टेबलावर मात्र हा विमा सक्तीचा असल्यासारखा सांगितला जातो. गाडीच्या विम्याचेही तेच. नव्या मोटारीला तृतीय पक्ष विमा तीन वर्षांचा लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा बहुधा एकच वर्षाचा घेतला जातो. तो ‘ऑन-रोड’ (म्हणजे विमा, नोंदणी सगळे धरून होणाऱ्या किमतीच्या) कर्जात घातला की एका वर्षाचा विमा पाच वर्षे व्याजासकट फेडत बसायचे. सीट कव्हर, मॅट आणि कोटिंगचेही असेच. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एवढेच सांगतो: कर्ज एक्स-शोरूम किमतीवरच मागा, विम्याचे कोटेशन बाहेरून, त्याच आयडीव्हीचे (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचे) आणि त्याच ॲड-ऑनचे (जादा संरक्षणाचे) आणून ताडून पाहा, आणि आपल्या बँकेचे मंजुरीपत्र खिशात घेऊनच शोरूमची पायरी चढा. पण हे सांगण्याचे काम सरकारच्या नियमाने करायला हवे होते.

‘कमी व्याज की रोख सवलत’ हा दुसरा सापळा. एक टक्का कमी दराचे (दहाऐवजी नऊ) ८ लाखांवर पाच वर्षांत मोल सुमारे साडेतेवीस हजार. समोर ४० हजारांची रोख सवलत असेल, तर ७ लाख ६० हजारांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेऊनही हप्ता १६,१४८ रुपयेच बसतो, नऊ टक्क्यांवरच्या हप्त्यापेक्षा कमी. हा हिशेब विक्रेत्याला तोंडपाठ असतो. कर्जदाता त्याला प्रत्येक फाइलमागे पेआउट देतो, आणि तो किती हे ग्राहकाला कोणीही सांगत नाही. ज्याला माझ्या कर्जातून कमिशन मिळते तोच मला कर्ज कोणते घ्यावे ते सांगतो. हे आपल्या देखरेखीखाली राजरोस चालू आहे. शिवाय एकच अर्ज तीन-चार कर्जदात्यांकडे ‘लॉगिन’ म्हणजे दाखल केला जातो, प्रत्येक चौकशीची नोंद क्रेडिट अहवालात राहते, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी त्याचा जाब ग्राहकाला द्यावा लागतो.

या हप्त्याच्या भाषेने कुटुंबाची गाडी कशी निवडली जाते, तेही पाहा. पाच वर्षांचे कर्ज सात वर्षांचे केले की तोच नऊ टक्क्यांचा हप्ता १६,६०७ वरून १२,८७१ वर येतो. एकूण व्याज मात्र सुमारे ८५ हजारांनी वाढते. मोकळे झालेले पैसे दाखवून वरचे व्हेरियंट गळ्यात मारतात, ‘महिन्याला फक्त बाराशे जास्त’. ८४ महिन्यांचे ते १ लाख ८०० रुपये होतात, आणि त्या पैशांत मिळते सनरूफ. घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील तर पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. मागच्या मधल्या सीटला तीन बिंदूंचा सीट बेल्ट आहे का. मुलाचे आसन घट्ट अडकवण्यासाठी आयसोफिक्सचे हुक आहेत का. मागचे दार पुरेसे उघडते का, गुडघे दुखणाऱ्याला सीटची उंची झेपते का. सीएनजीची टाकी बसल्यावर डिकीत एक बॅग तरी मावते का. सातही जण बसल्यावर सामान कुठे ठेवायचे. गाडीची धडक-चाचणी घेऊन सुरक्षेचे तारे देणारी ‘भारत एनकॅप’ योजना ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण चाचणी ऐच्छिक आहे. कर्जाच्या एकाही कागदावर गाडीचे तारे लिहिलेले नसतात.

आणि डिकीचा प्रश्न आला की आपल्याच खात्याचा कर आठवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल मोटारींना १८ टक्के जीएसटी, त्यापुढच्या पेट्रोल-डिझेल मोटारींना ४०. करकपातीचे स्वागतच आहे. पण सहा-सात माणसांचे एकत्र कुटुंब चार मीटरमध्ये बसवायचे तर तिसऱ्या रांगेत मुलांचे गुडघे हनुवटीला टेकतात आणि सामानाला जागा राहत नाही. लांबी चार मीटरच्या वर गेली की त्याच कुटुंबाला दुपटीहून जास्त कर. ज्या घरात जास्त माणसे, त्यांनी जास्त कर भरायचा, हा न्याय कोणत्या तत्त्वात बसतो?

मुदतपूर्व फेडीबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २ जुलै २०२५ च्या निर्देशांनुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तींनी व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही. गाडीची कर्जे मात्र बहुतेक स्थिर दराची. म्हणजे सामान्य घरात सर्वाधिक दिसणाऱ्या कर्जांपैकी एक कर्ज या दिलाशाच्या बाहेर ठेवले गेले. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तरी आधी स्थिर दराने कर्ज घेतलेल्याचा हप्ता एका रुपयाने हलला नाही. बरे, पोटाला चिमटा काढून कर्ज लवकर फेडावे म्हटले, तर वरच्याच ८ लाखांच्या कर्जात तीन वर्षांनी ३ लाख ६३ हजार शिल्लक असतात. उरलेले सगळे व्याज सुमारे ३५ हजार. करारात पाच टक्के शुल्क असेल तर १८ हजार त्यातच गेले. प्रामाणिकपणे लवकर कर्ज फेडणाऱ्याला दंड करणारी ही व्यवस्था नेमकी कोणासाठी आहे?

तक्रार करावी तर ३० दिवस कर्जदात्याची वाट पाहा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तोवर गाडी दारात असते, आरसीवर बोजा चढलेला असतो आणि दोन हप्ते गेलेले असतात. मंत्रालय रिझर्व्ह बँकेकडे बोट दाखवते, कर्ज देणारी बँक एजंटाकडे, एजंट शोरूमकडे, आणि शोरूम म्हणते, ‘सही तुमचीच आहे’.

आमची सही आहेच, महोदया. म्हणूनच मागणी सहीच्या आधीची आहे. बुकिंगची रक्कम घेण्यापूर्वी एपीआर असलेले विवरणपत्र मराठीत, छापील, तारीख-वेळेसह हातात द्यावे, आणि ते दिल्यानंतर तीन कामाचे दिवस उलटल्याशिवाय कर्जाची रक्कम विक्रेत्याकडे जाऊ नये. ज्या जाहिरातीत हप्ता छापला आहे तिथे त्याच आकाराच्या अक्षरांत एपीआर आणि एकूण फेड छापावी. ‘फ्लॅट’ दर सांगणे बंद करावे. विक्रेत्याचा पेआउट विवरणपत्रात लिहावा. स्थिर दराच्या वाहनकर्जांनाही मुदतपूर्व फेडीची सूट द्यावी. यातले पहिले काम सुरू करायला नवा कायदाही लागत नाही, कळणाऱ्या भाषेतले विवरणपत्र करारापूर्वी देण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तो पाळला जातो की नाही हे शोरूममध्ये जाऊन तपासणारा अधिकारी कोण, एवढे तरी आम्हाला कळवावे.

आपला,
एक वाहनकर्जदार