शेअर केलेल्या फोल्डरच्या लेखन-परवानगीबाबत सदोष सेवा : शुल्क परतावा व हरवलेल्या माहितीविषयी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक देखभाल करारांतर्गत मिळालेल्या चुकीच्या सेवेबाबत.

महोदय,

आमच्या सार्वजनिक वाचनालयातील जुने दिवाळी अंक स्कॅन करून त्यांतील मजकूर टंकित स्वरूपात मिळवण्यासाठी गेल्या मे महिन्यात आपल्या कंपनीकडून आम्ही एक संगणक घेतला आणि त्यासोबत वर्षभराचा देखभाल करारही केला. आमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर केवळ विंडोजवर चालतो, तर मजकूर ओळखण्याचे टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरवर आधारलेले आमचे काम लिनक्ससाठी रचलेले आहे. म्हणून विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) टाकून त्यात उबंटू ही लिनक्स प्रणाली चालवावी व स्कॅनचे फोल्डर दोन्हींत शेअर करावे, अशी मांडणी आपल्याच प्रतिनिधीने सुचवली आणि बसवून दिली. मांडणी उत्तम आहे. तक्रार तिच्याबद्दल नाही, पुढे जे घडले त्याबद्दल आहे.

उबंटूत ते फोल्डर पहिल्या दिवसापासून दिसत होते, परंतु आमच्या स्वयंसेवकांच्या नेहमीच्या खात्यातून ते उघडू गेले किंवा त्यात फाईल ठेवू गेले की ‘परमिशन डिनाइड’ एवढाच निरोप येत असे. ओळखलेला मजकूर त्या फोल्डरात परत लिहिला गेला, तरच विंडोजवर बसलेल्या मुद्रितशोधकाला तो तपासता येतो, त्यामुळे सगळे काम तिथेच अडले.

दि. ९ जून रोजी आलेल्या आपल्या अभियंत्यांनी टर्मिनल उघडून त्या फोल्डरवर ‘सीएचमॉड ७७७’ ही सर्वांना सर्व परवानग्या देणारी आज्ञा तीन वेळा चालवली. प्रत्येक वेळी यादीतील परवानग्यांचा रकाना होता तसाच राहिला. अखेर त्यांनी एक फाईल ‘सुडो’ (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) लावून लिहून दाखवली, ती लिहिली गेली, आणि ‘यापुढे असेच करत जा’ असे सांगून ते रु. ७५० घेऊन गेले. मी निवृत्त शिक्षक आहे, संगणकाचा जाणकार नव्हे; तरीही माझे म्हणणे असे की आजाराचे निदान त्या क्षणीच त्यांच्या समोर होते. ज्या अर्थी सुडोने फाईल लिहिली गेली, त्या अर्थी विंडोजची परवानगी ठीक होती, शेअर करताना ‘केवळ वाचनासाठी’ या चौकटीत खूणही झालेली नव्हती, आणि अडसर फक्त उबंटूतील आमच्या खात्यापुरता होता.

सुडोच्या सल्ल्याचा परिणाम असा झाला की महाविद्यालयात शिकणाऱ्या स्वयंसेवकांना प्रशासकाचा पासवर्ड सांगावा लागला, आणि सुडोने तयार झालेल्या नोंदींच्या फायली ‘रूट’ म्हणजे प्रशासक खात्याच्या मालकीच्या होऊन बसल्याने दुसऱ्या दिवशी त्या साध्या खात्यातून बदलता येईनात.

दि. १८ जून रोजी दुसरे अभियंते आले. आमचे खाते ‘व्हीबॉक्सएसएफ’ या, शेअर फोल्डर वापरू शकणाऱ्या खात्यांच्या, गटात घालायला हवे, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यासाठी त्यांनी खात्याचे गट बदलणारी ‘युजरमॉड’ आज्ञा दिली. मात्र तिच्यात नुसता मोठा ‘जी’ लिहिला, त्याआधीचा छोटा ‘ए’ लिहिला नाही. हा ‘ए’ नसेल तर ती आज्ञा खात्याला नव्या गटात घालते आणि इतर सर्व जादा गटांतून काढूनही टाकते. नव्या वर्गाच्या हजेरीपटावर नाव चढवताना बाकीच्या सगळ्या हजेरीपटांवरून ते खोडावे, तसा हा प्रकार. शिवाय गटातील बदल लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केल्याशिवाय लागू होत नाही, तेही त्यांनी केले नाही. लगेच तपासून पाहिले, तोच निरोप आला, आणि ‘मशीन करप्ट आहे’ असा शेरा देऊन आणखी रु. ७५० आकारले.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केल्यावर शेअर केलेल्या फोल्डरात फाईल बिनतक्रार लिहिली गेली, पण सुडो बंद पडले होते, कारण ‘सुडो’ नावाच्या गटातूनही आमचे खाते निघून गेले होते. उबंटूच्या रिकव्हरी मोडमधून ते परत त्या गटात घालता आले असते. आपल्या कार्यालयाने मात्र उबंटूचे संपूर्ण आभासी मशीन नव्याने बसवण्याचा निर्णय घेऊन त्याचे रु. ३,५०० लावले, आणि नव्या मशीनमध्ये खाते व्हीबॉक्सएसएफ गटात घालायचे पुन्हा राहिले. म्हणजे ५,००० रुपये मोजून आम्ही होतो तिथेच आलो. शेवटी मीच व्हर्च्युअलबॉक्सची पुस्तिका उघडली. आपोआप जोडल्या जाणाऱ्या शेअर फोल्डरात केवळ या गटाच्या सदस्यांनाच प्रवेश असतो, हे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. ‘ए’सह एक ओळ टंकली, लॉगआउट केले, आणि काम सुरू झाले. या फोल्डरचे मालक, गट व परवानग्या ते जोडतानाच ठरतात, म्हणून सीएचमॉडचा उपयोग झाला नव्हता, हेही तेव्हा उमगले.

पैशांपेक्षा मोठे नुकसान वेगळेच आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या अंकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास येतात आणि ती ओळखताना चुका होतात, म्हणून आमच्या मुद्रितशोधकांनी अशा सुमारे २,३०० शब्दांची यादी हाताने तयार केली होती. शेअर केलेल्या फोल्डरात साध्या खात्यातून लिहिता येत नसल्यामुळेच ती यादी उबंटूच्या आतल्या फोल्डरात होती, आणि मशीन पुसण्यापूर्वी आत काही ठेवले आहे का, हे आम्हाला कोणीही विचारले नाही.

तरी विनंती की दोन्ही भेटींचे व पुनर्स्थापनेचे मिळून रु. ५,००० परत करावेत, दोन्ही भेटींत चालवलेल्या आज्ञांचा लेखी सेवा-अहवाल द्यावा, आणि जुन्या मशीनची व्हीडीआय फाईल (त्या आभासी संगणकाची संपूर्ण डिस्क, जिच्यात ती यादी आहे) आपल्या अभियंत्यांच्या हार्ड डिस्कवर अद्याप असल्यास ती कोणत्याही परिस्थितीत न पुसता आमच्याकडे पाठवावी. या तिसऱ्या मागणीचे उत्तर कृपया आधी, शक्य तर दूरध्वनीवरच कळवावे. उर्वरित बाबींवर पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाण्याचा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. तिन्ही पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपला,
मानद कार्यवाह