जोर कुठे द्यायचा, ते आधी शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की ठाणे स्टेशनच्या पुलावर येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात क्लासची पत्रकं कोंबली जातात. 'तीस दिवसांत अमेरिकन ॲक्सेंट' असं त्यातल्या एकावर वाचून माझ्या भाचीने बारा हजार रुपये भरले. तिचे वडील रिक्षा चालवतात, त्यांचे बारा हजार. महिन्याभरात ती 'वॉटर'ला 'वॉडर' आणि 'बेटर'ला 'बेडर' म्हणायला लागली. पण नोकरीच्या मुलाखतीत 'डेव्हलप' म्हणताना सगळा भार 'डे'वर टाकून आली, तो हवा होता पुढच्या 'व्ह'वर. समोरच्या बाईंनी तीनदा 'सॉरी?' विचारलं. पोर रडतच माझ्याकडे आली.

मी कळव्याला राहते आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत गेली अठरा वर्षं इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलते. शिकले मराठी शाळेत, इंग्रजी भेटलं पाचवीत. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून घडलेली चूक सांगते. मँचेस्टरच्या गिऱ्हाइकाने विचारलं, किती खोकी निघाली? मी म्हटलं, 'फिफ्टीन.' त्याने पन्नास लिहून घेतली आणि तेवढी जागा गोदामात राखून ठेवली. साहेबांनी मला ध्वनिमुद्रण ऐकवलं, तेव्हा माझ्या कानाला ते स्वच्छ 'फिफ्टीन'च वाटत होतं. त्यांनी तोच तुकडा चार वेळा लावला. 'फिफ' ठसठशीत होतं, 'टीन' मात्र घाईत उरकलेलं, शेवटचा 'न' तर फोनच्या खरखरीत बुडालेला. नुसतं 'फिफ्टीन' म्हणताना जोर 'टीन'वर हवा आणि तो 'ई' ताणायला हवा. 'फिफ्टी'त जोर पहिल्यावर. मी उलटं करत होते.

आपण मराठीत बोलताना प्रत्येक अक्षराला त्याचं माप देतो. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवाला, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला, भरभरून देतात, बाकीच्यांना गिळतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, पण 'फोटोग्राफर' म्हणताना तो पुढे सरकतो आणि ऐकू येतं 'फटॉऽग्रफर'. 'कमिटी'त 'मि'वर, 'हॉटेल'मध्ये 'टेल'वर. हे चुकलं की अक्षरं सगळी बरोबर असूनही ऐकणारा अडखळतो. माझ्या बोलण्याला मराठी वळण आजही आहे, फोन उचलल्यावर मी भारतातली हे गिऱ्हाइकाला लगेच कळतं. त्याचं त्याला काही वाटत नाही, शब्द कळले की झालं. वळण घालवण्यावर पैसे खर्च करू नका, असं मी प्रत्येक आईबापाला हात जोडून सांगेन.

शिवाय अर्धी तयारी आपल्या मराठीतच आहे. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. 'माझा'तला झ इंग्रजी 'झू'च्या फार जवळचा आहे. पण पुढे इ-ई आली की आपली जीभ सवयीने टाळूला लागते, म्हणून 'झिरो' आणि 'बिझी' बिघडतात. 'माझा'तलाच झ धरून 'झिरो' म्हणून बघा. तसंच 'व्हॅन' आणि 'वाइन' आपण लिहितो वेगळं, तोंडाने मात्र 'व्ह'मध्ये उगाच ह फुंकतो. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि हवा सोडायची, की 'व्हॅन'चा व्ह. 'वाइन'ला दात लावायचे नाहीत, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. भाचीला मी आरशासमोर उभं केलं, दहा मिनिटांत तिला फरक दिसला. ऐकू यायला आठवडा लागला. रोज दोन वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून ती स्वतःच ऐकते आणि चूक पकडली की मला फोन करते.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण मुलं अजून स्पेलिंग घोकतात आणि इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही, 'डेट' म्हणजे कर्ज या शब्दातला बी कुणी उच्चारत नाही. चांगल्या शब्दकोशात जोराच्या अवयवाआधी वर एक छोटी उभी रेघ असते. ती मला शाळेत कुणी दाखवली नाही, नोकरीला लागल्यावर, वयाच्या तेविसाव्या वर्षी कळली. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शाळांनी आठवड्यातला एक तास एवढ्यासाठी द्यावा: रेघ बघायची, शब्द मोठ्याने म्हणायचा, ऐकायचा. आणि त्या तासाला चुकणाऱ्या मुलाला वर्गात हसू देऊ नये. हसण्याच्या भीतीने मी कॉलेजची तीन वर्षं मागच्या बाकावर गप्प बसले, ती वर्षं मला अजून सलतात.

कळवा, ठाणे किंवा ऐरोलीतल्या कुठल्याही मराठी शाळेने बोलावलं तर शनिवारी दुपारी मी येईन. मानधन नको, फक्त वर्गात एक शब्दकोश असावा.

आपली,
एक वाचक, कळवा