डांबरावर ‘फोर-व्हील’ नको

‘पावसाळ्यात करूळ, भुईबावडा घाट जीप फोर-व्हीलवर टाकूनच उतरावेत’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला घातक आहे. (‘फोर-व्हील’ म्हणजे इंजिनाची ताकद दोनऐवजी चारही चाकांना देणे.) थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये मधला डिफरन्शियल (दोन्ही शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो. वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हा फरक भरून काढतात; डांबरावर पकड मिळाली की सगळा ताण ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो, स्टिअरिंग जड होते, गाडी वळणाबाहेर ओढू लागते आणि फोर-व्हीलचा लिव्हर अडकून बसतो. (अडकलाच तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी.) ब्रेक तर टू-व्हील ड्राइव्हमध्येही चारही चाकांना लागतात! उतारावर खालचा गिअर आणि टायरची खोल नक्षी हवी; कायद्यातली १.६ मिलिमीटरची किमान मर्यादा पावसात अपुरीच. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक जीपचालक, कोल्हापूर