तोफा आपल्या चांगल्याच होत्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमधे एकच वाद रंगलाय, लढाई कशावर जिंकतात, शस्त्रांवर का माणसांच्या संख्येवर. कोणी ड्रोन आणि मिसाईल मोजतंय, कोणी विमान कितव्या पिढीचं ते सांगतंय, कोणी म्हणतंय आपल्याकडे माणूसबळ आहे ना मग कसली चिंता. वाचायला मजा येते, पण त्यातल्या एका पत्रात सहज जाता जाता एक वाक्य होतं की मराठे इंग्रजांपुढे हरले कारण आपल्याकडे तलवारी नि भाले होते आणि त्यांच्याकडे आधुनिक तोफा. ते वाचलं आणि चहा तसाच राहिला. मी भोकरदनकडचा माणूस, असई आमच्यापासून गाडीवर थोड्या वेळाच्या अंतरावर, लहानपणी केळणा नदीत पोहलोय, त्यामुळे हे वाक्य मला सोडवेना, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापायचं तर कापा पण तोफांचं तेवढं ठेवा.

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, तेव्हा ३४ वर्षांचा, पुढे ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तोच. आता शाळेत आपल्याला जे शिकवलं त्यावरून चित्र काय उभं राहतं, तर इकडे घोड्यावरचे भालाईत आणि तिकडे शिस्तीतली पलटण. पण खरं बघायला गेलं तर शिंद्यांच्या फौजेत कवायती पायदळच दहा हजारांच्या वर होतं, इंग्रजांसारखीच बंदूक-संगीन, इंग्रजांसारखंच ड्रिल, आणि तोफा शंभरच्या आसपास. ह्याची सुरुवात महादजी शिंद्यांनी केली होती. १७८४ मधे त्यांनी द बॉयन नावाचा सॅव्हॉयचा (आता हा भाग फ्रान्समधे आहे) माणूस नोकरीला ठेवला, त्याने पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना चालवला. १७९० ला राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याला ह्याच पलटणींनी राजपुतांच्या घोडदळाची वाट लावली. म्हणजे असईच्या आधी तेरा वर्षं हा माल तपासून झालेला होता, आणि महादजींना क्वालिटी कळत होती हे तर दिसतंच.

वेलस्लीकडे त्या दिवशी प्रत्यक्ष लढायला साधारण साडेचार हजार माणसं. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार वेगळे, ते त्याने नदीच्या अलीकडेच ठेवले होते (हो, पेशव्यांचे, बाजीराव दुसरा वसईचा तह करून इंग्रजांच्या बाजूला जाऊन बसला होता, हे आपण सोयीने विसरतो). शिंदे-भोसल्यांचं घोडदळ नुसतंच तीस हजारांच्या वर धरतात. तर संख्या आपली जास्त, तोफा आपल्या जास्त, आणि तोफांची क्वालिटी कशी होती ते इंग्रजांनाच विचारा. लढाई सुरू झाल्यावर आपल्या गोलंदाजांनी इतका मारा केला की इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल मेले, तोफेवरची माणसं मेली, आणि वेलस्लीला आपल्या तोफा मागे सोडून नुसत्या संगिनींवर पुढे जावं लागलं. ७४ वी हायलँडर रेजिमेंट आणि पुढची पहाऱ्याची तुकडी चुकून असई गावाच्या फार जवळ गेली, तिथे तोफांच्या तोंडी सापडून त्यांची चाळण झाली. वेलस्लीचा एक घोडा त्याच्याखाली मारला गेला आणि दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे दीड हजारांच्या वर मेले नि जखमी झाले, म्हणजे लढलेल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा. म्हाताऱ्या वयातसुद्धा तो माणूस आपली सगळ्यात चांगली लढाई असईच म्हणायचा, वॉटर्लू नाही.

मग हरलो कसे?

तर आधी वेलस्लीचं बघू, कारण शत्रूचं कौतुक करायला आपण लाजतो. त्याचा बेत असा होता की कर्नल स्टीव्हनसनची इंग्रजांचीच दुसरी फौज येऊन मिळेल आणि मग २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. पण २३ ला अचानक कळलं की मराठ्यांची छावणी अगदी जवळ आहे, त्याला वाटलं ही माणसं निसटतील, म्हणून थांबला नाही. समोर केळणा भरून वाहत होती, वाटाडे शपथेवर सांगत होते की इथे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, नाही. त्याने पाहिलं की नदीच्या ह्या काठाला एक गाव आहे आणि बरोबर समोर त्या काठाला दुसरं, आणि त्यावरून ताडलं की दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे लोकांची येजा असणार, उतार असणारच. आणि होता! आमच्याकडचा कोणताही गुराखी हे सांगेल, दोन गावांच्या मधे नदी असली की कुठून तरी सोयरीक जमतेच, पण लढाईच्या धामधुमीत ते सुचायला डोकं थंड लागतं. केळणा उतरून तो केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला, तिथे जागा अरुंद म्हणून आपल्या हजारो घोडेस्वारांना पसरायलाच वाव राहिला नाही. संख्येचा फायदा त्याने जमिनीने खाऊन टाकला.

इथे त्याचा अंदाज एकदा साफ चुकला, तेही सांगतो. त्याला वाटलं होतं की मराठा फौज नदीकडे तोंड करून उभी आहे, तिला तोंड फिरवून उभं राहायला जमणार नाही. पण शिंद्यांच्या पायदळाचा प्रमुख पोलमन, हा मूळचा हॅनोव्हरचा, त्याने सगळी रांग झटक्यात काटकोनात फिरवली, वर तोफा पण फिरवल्या. एवढ्या माणसांना असं फिरवणं हे कच्च्या फौजेचं काम नाही, वेलस्लीसुद्धा चकित झाला. तर ट्रेनिंगमधे पण आपण कमी नव्हतो.

आणि गोलंदाज! ह्यांच्याबद्दल मला नेहमी भरून येतं. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली तेव्हा ह्यातले कित्येक जण मेल्यासारखे पडून राहिले आणि रांग पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा फिरवून मागून मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः मागे येऊन त्या तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. तोफेपाशी मेले, हलले नाहीत. ह्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, पगार सुद्धा बहुतेक थकलेला असणार, कारण दौलतरावांच्या खजिन्याची तेव्हाची अवस्था सगळ्यांना माहीत आहे.

आता दुसरी बाजू. ही माणसं तोफेला चिकटून मरत होती तेव्हा मालक कुठे होते? शिंदे आणि भोसले लवकरच मैदान सोडून गेले. तीस हजारांच्या वरचं घोडदळ, त्यातल्या एका तुकडीने ७४ व्या रेजिमेंटवर झडप घातली तेवढीच, बाकीचं जवळपास बघत राहिलं. असई गावातलं भोसल्यांचं पायदळ शिंद्यांची रांग मोडल्यावर फारसं न लढताच निघून गेलं. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. ह्यात तोफेचा दोष काय सांगा बरं.

मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. लीडरशिप म्हटलं की लोकांना वाटतं घोड्यावर बसून तलवार उगारलेला एक हिरो. वेलस्ली शूर होता, शांत डोक्याचा होता, सगळं मान्य, पण त्याच्यामागे एक व्यवस्था होती. लढाई करायची आणि तहसुद्धा करायचा असे दोन्ही अधिकार दख्खनपुरते त्याला एकट्याला दिलेले होते (थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होता, त्यामुळे वशिला पण होता म्हणा). बैल आणि धान्य ह्याची त्याने महिनोन्महिने आधी तयारी केली होती, वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन बरोबर चालत. शिपायाचा पगार वेळेवर. आणि शिपाई तरी कोण, बहुसंख्य मद्रासकडचे आपलेच लोक. म्हणजे माणूस दोन्हीकडे हिंदी, बंदूक दोन्हीकडे सारखी.

आमच्या बाजूला मात्र बारभाईंचा कारभार. पेशवा इंग्रजांकडे, होळकर बाजूला बसलेले कारण आदल्याच वर्षी ऑक्टोबर १८०२ मधे हडपसरला त्यांची आणि शिंद्यांची लढाई झालेली, भोसले सोबत आहेत पण त्यांचं सैन्य वेगळं, हुकूम वेगळा. आणि जी सगळ्यात भारी चीज, म्हणजे कवायती पलटणी, त्यांचे अधिकारी भाड्याचे. महादजी १७९४ ला वानवडीला वारले, द बॉयन दीडेक वर्षाने पैसा गाठीला बांधून निघून गेला, त्याच्या जागी पेरॉन नावाचा फ्रेंच माणूस आला. १८०३ ला युद्ध सुरू होताच कंपनीने जाहीरनामा काढला की शिंद्यांच्या नोकरीतल्या इंग्रज माणसांनी नोकरी सोडली तर आम्ही पेन्शन देऊ. झालं, गळती सुरू. अलिगढचा किल्ला ४ सप्टेंबरला पडला तेव्हा दरवाजापर्यंत वाट दाखवणारा लुकन हा आदल्या महिन्यापर्यंत शिंद्यांचाच नोकर होता! त्याच सुमारास पेरॉन स्वतः इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. तो पोलमन, ज्याचं मी वर कौतुक केलं, तो सुद्धा पुढे कंपनीच्या नोकरीत दिसतो. तोफ विकत घेता येते, तोफ चालवणारा तयार करता येतो, पण दोन पिढ्यांत ह्यांनी आपला एक मराठी माणूस त्या पलटणीचा सेनापती म्हणून का तयार केला नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. सरदाराच्या मुलाला पायदळात कमीपणा वाटायचा, घोड्याशिवाय इज्जत नाही, हेच असणार.

त्याच वर्षी अलवरकडच्या लासवारीला १ नोव्हेंबरला तर कहर झाला, तिथे बहुतेक फिरंगी अधिकारी निघून गेलेले, तरी त्या पलटणी अशा लढल्या की इंग्रजांचा उत्तरेतला सेनापती जनरल लेकने लिहून ठेवलंय की हे लोक सैतानासारखे, नव्हे वीरांसारखे लढले, आणि ह्यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही. जिंकणारा स्वतः असं म्हणतोय.

आणि जे म्हणतील की इंग्रजांची बंदूकच भारी, त्यांनी पुढच्याच वर्षीचं मॉन्सनचं प्रकरण बघावं. १८०४ च्या जुलैत कंपनीचा कर्नल मॉन्सन राजस्थानातल्या मुकुंदऱ्याच्या खिंडीकडून मागे फिरला, मागे यशवंतराव होळकर, वरून पाऊस, नद्या भरलेल्या, धान्य नाही, तोफा चिखलात सोडून द्याव्या लागल्या, आणि ऑगस्टअखेर आग्र्याला पोचले तेव्हा त्या फौजेची पार दैना झालेली होती. तीच कंपनी, तीच बंदूक, तेच ड्रिल. फक्त वर बसलेल्या माणसाला पुढे जायचं का मागे यायचं हे ठरवता आलं नाही. पण तोपर्यंत शिंदे नि भोसले तह करून मोकळे झाले होते, होळकर एकटे पडले, आदल्या वर्षी हेच तिघं मिळून उतरले असते तर, असो.

अजून एक उदाहरण देऊन थांबतो, कारण माझा पुतण्या रणगाड्यांच्या दलात आहे आणि त्याने मला नगरचं टँक म्युझियम दाखवलं. तिथे १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन रणगाडा उभा आहे. अमेरिकन, त्या काळचा एकदम मॉडर्न, आणि आपल्याकडे सेंच्युरियनबरोबर दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. असल उत्तरला, खेमकरणजवळ, आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, उसात रणगाडे लपवून घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली आणि पॅटन त्यात येऊन रुतले. अब्दुल हमीद जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडत होता. पाकिस्तानचे तिथे शंभराच्या आसपास रणगाडे गेले. पण लगेच "बघा, शस्त्राला काही किंमत नाही" असं कोणी म्हणू नये, सेंच्युरियनची तोफ चांगलीच होती आणि अब्दुल हमीदच्या हातात नुसती काठी असती तर तो किती का शूर असेना, काय करणार होता. ह्या म्युझियमपासून नगरचा भुईकोट काही लांब नाही, जो वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ ला घेतला आणि मग तिथूनच रसद चालवून असईपर्यंत आला. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणतो, काका, आम्हाला असल उत्तर शिकवतात, असई तुम्हीच शिकवा.

म्हणून विनंती एवढीच की पुढे ह्या विषयावर पत्रं छापाल तेव्हा "तलवारी विरुद्ध तोफा" हे वाक्य तेवढं गाळत जा.

आपला नियमित वाचक,
भोकरदन, जि. जालना

ता. क. : अडगावचं लिहायचं राहिलंच. असईनंतर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, अकोल्याकडच्या ह्या अडगावला पुन्हा हीच मंडळी समोरासमोर आली. आपल्या तोफा सुरू झाल्याबरोबर वेलस्लीच्या ज्या पलटणी असईला छाती काढून लढल्या होत्या त्यातल्याच काही पाठ फिरवून पळाल्या. तो जवळच होता, त्याने स्वतः जाऊन त्यांना थांबवलं, पुन्हा रांगेत उभं केलं आणि दिवस जिंकला. आपण जवळ नसतो तर हरलो असतो असं त्यानेच लिहिलंय. तेल्हारा-अकोट भागातल्या कोणा वाचकाकडे ह्या लढाईच्या जागेची माहिती असेल तर जरूर छापा.