मोटर भरून देणाऱ्यांना

पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर पाऊस धो धो पडतो. पण कातळात मुरतो थोडा, वाहून जातो फार. उन्हाळ्यात विहीर तळ गाठते. जलजीवन मिशनचं माणशी रोज ५५ लिटरचं गणित मोटर जळाली की कागदावरच राहतं, आणि हंडे पुन्हा बायांच्याच डोक्यावर.

त्या दिवशी जळालेली मोटर नाशिकहून भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणून, अंधारात विहिरीत सोडून गेलेल्या दोघा दादांचे मनापासून आभार! आणि पाणी तपासायला शिकवणाऱ्या ताई, तुमचेही. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन बघायच्या तपासणीत, पिवळा रंग आला नाही तर क्लोरीन उरलेलं नाही, हे आता आमच्या पोरीही सांगतात. पाणीपट्टीचं तर तुम्ही भांडण न होऊ देता पटवलंत. (सरपंचांना जमलं नव्हतं!) पुढच्या खेपेला जेवूनच जा.