बाबांच्या कपाटातली ती बाटली

आई, बाबा,

आधी कबूल करते, मग काय रागवायचं ते रागवा. काल मी डॉक्टरांना फोन करून बाबांच्या कपाटातल्या सीबीडी तेलाबद्दल सगळं सांगून टाकलं. आईवर चिडू नका, फोटो मीच मागितला होता.

बाबा, तुम्हाला न विचारता केलं हे चुकलंच. पण तुम्ही त्या त्वचेच्या सोरायसिसपायी रात्री उठून कोपरं खाजवत बसता आणि सकाळी आई उठायच्या आत चादरीवरच्या खपल्या झटकून टाकता, हे मला माहितीये हो. अशात कुणी म्हणालं की गांजाच्या झाडाचं तेल आहे, नशा नाही, आग शमते, तर माणूस घेणारच. मीही घेतलं असतं.

आणि तुम्ही वाचलंत ते सगळंच खोटं नाहीये. नशा गांजातल्या टीएचसी या रसायनाने होते, सीबीडी या दुसऱ्या रसायनाने नाही. या झाडातल्या रसायनांना दाद देणारे रिसेप्टर आपल्या शरीरात असतातच, सीबी१ जास्त करून मेंदूत आणि सीबी२, जो १९९३ मध्ये सापडला, तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर. २००७ च्या एका प्रयोगात हे दोन्ही नसलेल्या उंदरांना त्वचेच्या ॲलर्जीची सूज जास्त आली, आणि साध्या उंदरांना टीएचसी वरून लावल्यावर ती कमी झाली. सीबीडी तर या दोन्ही रिसेप्टरना धड चिकटतही नाही, दुसऱ्याच वाटांनी काम करतं, पण प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींची भराभर वाढ त्यानेही मंदावलीये. सोरायसिसमध्ये नेमकं तेच बिघडतं ना, रोगप्रतिकारक टी पेशी उगाच पेटतात, आयएल-१७ सारखे सूज वाढवणारे निरोप सोडत राहतात आणि त्वचा महिन्याचं काम ३-४ दिवसांत उरकायला बघते.

पण बाबा, उंदीर कुठे आणि तुमचं कोपर कुठे. शिवाय वरून लावणं वेगळं, जिभेखाली थेंब सोडणं वेगळं. तुमची सोरायसिसची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, मेथोट्रेक्सेट, आधीच लिव्हरला जड, आणि सीबीडीच्या मोठ्या डोसने लिव्हरचे एन्झाइम वाढतात हे फिट्सच्या पेशंटमध्ये दिसलंय. तुमचे थेंब थोडेच असतील, पण लेबलवर लिहिलंय तेवढंच बाटलीत असतं असंही नाही, कधीकधी टीएचसीही निघतं. मला झोप लागेना.

डॉक्टर अजिबात चिडले नाहीत. सोमवारी लिव्हरची रक्ततपासणी, तोवर थेंब बंद. मेथोट्रेक्सेट मात्र मनाने थांबवायची नाही, आणि रोज तर मुळीच घ्यायची नाही, ठरलेल्या वारीच. बाटली फेकू नका, सोबत न्या.

मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा तुम्ही माझ्या हातात तुमचे मोजे चढवले होते आणि तरी मी खाजवीन म्हणून रात्रभर मनगटं धरून बसला होतात. आता तुमची धरायला मी तिथे नाही, म्हणून फोनवरून दादागिरी.

तर ऐका, अंघोळीला कडकडीत पाणी नको, टॉवेलने घासायचं नाही, अंग ओलसर असतानाच मलम. नखं कापा. सैल सुती शर्ट मी पाठवलेत, जुने घट्ट काढून टाका. आई, पाठीला तू लाव, बाबा म्हणतील हात पोचतो, पोचत नाही.

भांडायचं असेल तर रात्री कितीही वाजता फोन करा बाबा, तसेही तुम्ही जागेच असता.

तुमची
छकुली